आधी टोटल, मग रकाने

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. नोकरीच्या पहिल्याच सत्रात मी स्टाफरूममध्ये अंतर्गत गुणांचा तक्ता घेऊन बसले होते. आशय, मांडणी, भाषा, एकेका पोराचा एकेक रकाना विचार करून भरत होते. तुम्ही डबा खाता खाता हसलात. "अवं पोरी, अशानं दिवाळी येईन! आधी टोटल टाक पेन्सिलनं, रकाने मंग जुळवत बस. पोराचं तोंड पाहिलं का समजते किती द्यायचे ते." मला शिकवलंत तुम्ही, नोकरीला लावलंत तुम्ही. तुमचा शब्द माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. आजवर मी तस्सेच मार्क देत आले.

या आठवड्यात आमची कार्यशाळा आहे, मूल्यमापन कसं बदलायचं याची. काल तिथल्या तज्ज्ञांनी आमच्याच कॉलेजची याच सत्रातली उत्तरं तपासायला दिली, नावं झाकलेली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून टाइप केलेली. एक उत्तर वाचताना मी सुखावले, वीसपैकी सोळा दिले. नावावरचा कागद उचलला तर खाली नाव माझ्याच वर्गातल्या, कुही गावाहून येणाऱ्या एका मुलीचं. माझ्या तक्त्यात तिला सहा आहेत. नापास. धानाच्या रोवणीत, शेतात भात लावायला, पंधरा दिवस आली नव्हती, तेवढ्यावरून मी तिला आळशी ठरवून मोकळी झाले होते. ती विचारायला आली होती हो सर. "मॅडम, मले सहाच काहून? माह्यं काय चुकलं ते तर सांगा." मी तक्ता पुढे केला. रकान्यांची बेरीज चोख सहा येत होती. ती निघून गेली. आता तिच्या घरचे म्हणतात, बस झालं कॉलेज.

गुणदुरुस्तीचा अर्ज आज पाचपर्यंत द्यायचा आहे, प्राचार्यांकडे, कारण लिहून, सही करून. चार वाजून गेलेत. काय कारण लिहू? पेपर न वाचताच मार्क दिले असं? मग बाकीच्या पोरांचं काय, इतक्या वर्षांच्या? अर्ज कोरा आहे आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे.

हे काही तुम्हाला पोचणार नाही, म्हणून सांगते. काल त्या तज्ज्ञांनी सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, तुम्ही हिला आधी किती दिले होते? मी म्हटलं, पंधरा. टाळ्या वाजल्या, आणि मी त्या घेतल्या.