पदराच्या दशांमधली गाठ

बाबा, उद्या सकाळी मला भंडाऱ्याच्या कोर्टात उभं राहायचं आहे, आणि तिथे काय बोलायचं हे ठरत नाही म्हणून भर दुपारी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. मी अजून मोहाडीतच आहे, शाळेत शिकवतो, केस पिकले आहेत, आणि माझ्यावरचा गुन्हा दारू पिऊन गाडी चालवल्याचा आहे. माझ्या गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं. तो वाचला. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं.

दिवाळीनंतर तुमच्या सुनेच्या माहेरी, आंबागडला, मंडईची जत्रा होती. मंडई म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. घरोघरी पाहुणे, भर दुपारी रंगलेली दंडारीची सोंगं-गाणी, आणि जावयाला आग्रह. दारू मोहफुलाची होती. तीन पेले झाले. दरवर्षी रस्ता सुरक्षा सप्ताहात पोरांसमोर मीच भाषण ठोकतो, की रक्तात दारू ठरावीक मापाच्या वर निघाली तर पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन जाऊ शकतं. पोरं टाळ्या वाजवतात. त्या दुपारी त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही. निघताना गाडीजवळ तुमची सून म्हणाली, "चाबी माह्याजवळ द्या. मी चालवतो." तिचं लायसन माझ्याही आधीचं. मी म्हटलं, "मले काय झालं?" ती आईचा निरोप घ्यायला वळली. तिनं त्या दिवशी तुम्ही विणलेली करवती काठाची साडी नेसली होती, लग्नात तुम्ही तिला दिली ती. पदराच्या दशा माझ्यासमोर लोंबत होत्या. मी त्यातले दोन धागे घेतले आणि आपली मागावरची गाठ मारली. मग तिला हाक मारून दाखवली. "पाह्य बरं, हात हालून राहिला का?" तिनं गाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डाव्या बाजूचं दार उघडून बसली.

ही गाठीची परीक्षा मी कुठून उचलली ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तेव्हा सातवीत असेन. पोळ्याचा दुसरा दिवस. तुम्ही मागाच्या खड्ड्यातल्या पायपट्ट्यांवर पाय ठेवून बसला आहात, शेजारची जागा रिकामी आहे, कारण करवती काठाला तेव्हा आपल्याकडे दोघं लागत आणि तुमच्या जोडीचे काका अजून आलेले नाहीत. ते येतात तेव्हा त्यांच्या अंगाला वास आहे. तुम्ही हातातला धोटा बाजूला ठेवता. एवढंच. काका हसतात, तुटलेली एक तार उचलतात, चिमटीत धरून डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारतात आणि म्हणतात, "पाह्य दादा, हात हालून राहिला का?" मला ती गाठ इतकी आवडली की पुढं महिनाभर मी सुतळीवर तीच मारत बसलो. तुम्ही मात्र तिच्याकडे पाहिलंही नाही. म्हणालात, "गाठ तं बोटं झोपेतबी मारतेत. करवतीले डोळे लागतेत, अन् पायबी. घरी जाय, उद्या ये." काका तणतणत गेले. तो अख्खा दिवस माग बंद राहिला, आणि आईनं तुम्हाला ऐकवलं की एवढ्याशा वासानं कुठं काय बिघडते. तुम्ही म्हणालात, "बिघडलेलं उद्या दिसते." मला वाटलं होतं, तुम्ही फार ताणता. खरं सांगायचं तर तुमचं बोलणं मी विसरलो आणि काकांची गाठ लक्षात ठेवली. माणूस आपल्या सोयीचं तेवढंच शिकतो, हे शिक्षकाला कळायला हवं होतं.

रस्त्याच्या कडेला नवीन धान वाळत घातलं होतं. सायकलवाला त्या धानाला वळसा घालायला डांबरावर आला. तो मला दिसला नाही असं नाही, पण दिसल्याचं कळायला वेळ लागला. पाय ब्रेकवर गेला, तोही उशिरा. डोळे आणि पाय, बाबा. स्टिअरिंगवरचे हात अगदी स्थिर होते.

आजूबाजूच्या शेतातले लोक धावत आले तोवर आम्ही दोघं खाली उतरून त्या माणसाजवळ बसलो होतो. त्यामुळं गाडी कोण चालवत होतं हे कुणी पाहिलं नाही. पोलिसांनी वासावरून मला धरलं, दवाखान्यात नेऊन रक्त काढलं. त्याचा रिपोर्ट यायचा तोच आला. पण मेहुण्यानं त्यातूनही वाट काढली. म्हणाला, "भाऊजी, ताई चालवून राहिली होती म्हना. तिनं तं थेंब घेतला नाही. बाजूले बसून पेलेल्या मानसावर कोनता गुन्हा?" वकिलालाही ते पटलं. मला शिक्षा झाली तर खात्याची चौकशी लागेल, नोकरीवर गदा येईल. तुमची सून म्हणाली, "तुमी म्हनान तसं." आणि मी काही म्हटलंच नाही. पाच महिने काही म्हटलं नाही. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणंच, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मला माझी लाज वाटते, आणि भीतीही वाटते. दोन्ही सारखीच.

गेल्या रविवारी त्या माणसाच्या घरी गेलो. तिसऱ्यांदा गेलो. माझ्याहून थोडा मोठा असेल. पायात सळई आहे, काठीनं चालतो. चिडत नाही, शिव्या देत नाही, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच्या बायकोनं चहा दिला. तो म्हणाला, "गुरुजी, पाय जुळला म्हनते डाक्टर. पन गुडघा वाकत नाही. अवंदा रोवणीच्या चिखलात उतरता येन का नाही, मालूम नाही." मग काठी भिंतीला टेकवून त्यानं विचारलं, "मी लाल सदरा घातला होता. तुमाले दिसलोच नाही का मी?" तो मलाच विचारत होता. तुमच्या सुनेबद्दल नाही, माझ्याबद्दल. तो पाठमोरा असतानाच धडक बसली, त्यानं काहीच पाहिलं नव्हतं, तरी गाडी कुणाच्या हातात होती याबद्दल त्याला शंका नव्हती.

आत तुमची सून उद्यासाठी साडी काढते आहे. तीच काढली आहे, करवती. साक्ष द्यायला जाताना तुमचं काहीतरी अंगावर असावं असं तिला वाटलं असेल. मी मघाशी पदर उलटून पाहिला, दशांमध्ये ती गाठ अजून आहे, तिनं सोडवलेली नाही. काठाची करवतही पाहिली. एवढ्या वर्षांनी एक दात इकडचा तिकडं नाही.

आता उठून तिला सांगणार आहे की तिनं साक्ष द्यायची नाही, गाडी मी चालवत होतो हे मीच बोलणार. पुढं नोकरीचं जे होईल ते होईल. तुम्हाला हे पोचायचं नाही, आणि तिच्या हाती द्यायची माझी हिंमत नाही, म्हणून हा कागद शाळेच्या वहीतच राहील. पण एक गोष्ट कोर्टही विचारणार नाही, कारण तेव्हा तिची पाठ माझ्याकडे होती आणि दुसरं कुणी पाहत नव्हतं. ती गाठ पहिल्या खेपेला बसली नव्हती, बाबा. दोनदा सुटली. तिसरी बसली, तेव्हा मी तिला हाक मारली.