दहा गोळ्या, रोज पाव

सोमवार, ३ मार्च
— आणि वर साहेब मलाच सांगतो, "बाई, नियम आहे." बावीस वर्षं या दवाखान्याच्या चादरी धुतेय मी. रक्ताचा डाग गार पाण्यात काढायचा, गरम पाण्यात तो पक्का बसतो, हे त्या साहेबाला शिकवलं कुणी? मी. तोच आता म्हणतो आठवी पास व्हा, नाहीतर लाँड्रीची मुकादम म्हणून ती नवीन पोरगी बसेल. तिला ओली चादर पिळता येत नाही, पण दहावी झालीय ना!
तेवीस तारखेला रविवारी पेपर. बाकीचे विषय निघतील. गणितात मेले. थोरल्या बहिणीची मुलगी कॉलेजात आहे, ती शिकवणार. म्हणाली, मावशी, रोज चार ओळी लिही, हात वळेल. म्हणून ही वही.

बुधवार, ५ मार्च
पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, सगळं मला येतं. साबणाची पावडर रोज मापते. भाची म्हणाली, "पाव लिहून दाखव." मी लिहिलं, पा आणि व. ती हसून लोळली. मग तिने एक आकडा वर, एक खाली, मध्ये रेघ असं काढलं. सरळ बोलायचं सोडून मजले कशाला चढवतात कोण जाणे.

शुक्रवार, ७ मार्च
आज अवयव पाडायचे होते. म्हटलं, अगं मी दवाखान्यात काम करते, असलं मोठ्याने बोलू नकोस. पण हे जमलं. गुणाकार सहा हवा, बेरीज पाच हवी, तर दोन आणि तीन. गुंता झालेल्या चादरींची टोकं शोधायची, तसंच आहे. बारा गणितं केली. दहा बरोबर. भाची म्हणाली, "मावशी, तू शाळा सोडायला नको होतीस." मी काय सोडली, सोडवली.

सोमवार, १० मार्च
भाचीने विचारलं, १/२ मोठा की १/४? मी म्हटलं चार. चार मोठेच की दोनापेक्षा. तिने एक चादर घेतली, घडी घातली, परत घातली. "खालचा आकडा वाढला की तुकडा लहान होतो, मावशी. बघ ना."
बघितलं. डोकं दुखतंय सांगून तिला घरी पाठवलं.

मंगळवार, ११ मार्च
लिहूनच टाकते.
नऊ वर्षं झाली. सासूबाईंची हृदयाची गोळी. कंपाउंडरने सुरुवातीला तोंडी सांगितलेलं, अर्धी द्या. कागदावर १/२ होतं. मग एकदा हे त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले, परत आणून सोडलं, कागद माझ्या हातात दिला, "यात लिहिलंय बघ," आणि डेपोत ड्यूटीवर पळाले. कागदावर १/२ खोडून १/४ केलेलं. असा आकडा वाचता येत नाही म्हणायची लाज वाटली. मी आपला हिशोब केला. खाली दोन होते तेव्हा अर्धी, आता चार झाले, म्हणजे दुप्पट. अख्खी.
त्या हसल्या होत्या. "आज पूर्ण? डॉक्टर उदार झाला वाटतं."
सोळाव्या दिवशी गेल्या.

बुधवार, १२ मार्च
कागदपत्रांच्या डब्यात तो कागद निघाला. चारच आहे. आकडा स्पष्ट आहे.

शुक्रवार, १४ मार्च
कामावर चादरी पिवळ्या दिसतायत. दोनदा ब्लीच घातलं. सोबतीण म्हणाली, "अगं पांढऱ्याशुभ्र आहेत, काय झालंय तुला?" शेवटच्या आठवड्यात सासूबाई म्हणायच्या, "सगळं पिवळं पिवळं दिसतंय गं मला." मी म्हटलं, बल्ब जुना झालाय. खुर्चीवर चढून बल्ब बदलला. वरून ऐकवलं, आता तरी नखरे पुरे. आज वॉर्डातली नर्स म्हणाली, ती गोळी जास्त झाली की असंच पिवळं दिसतं.
आमचं पटत नव्हतं, सगळ्यांना माहीत आहे. पण मी मुद्दाम नाही केलं. हे कुणापुढे बोलू?

शनिवार, १५ मार्च
भाची आली. दार उघडलं नाही. बाहेरून म्हणाली, "मावशी, घाबरू नकोस गं, पास होशील तू."

सोमवार, १७ मार्च
शेवटी मीच गेले तिच्याकडे. विचारलं, दहाला पावाने भागायचं कसं? "उलटं करून गुणायचं. चाळीस." तिला वाटलं मी अभ्यास करतेय.
घरी येऊन परत केलं. त्या दिवशी कागदाबरोबर नवी पट्टी दिली होती, दहा गोळ्यांची. रोज पाव दिली तर चाळीस दिवस पुरतात. रोज अख्खी दिली तर दहा. सासूबाई सोळा दिवस जगल्या. म्हणजे मधे दुसरी पट्टी आली होती.
मी औषधाच्या दुकानात कधी गेले नाही. गोळ्या हेच आणायचे.
तीनदा गणित केलं. उत्तर तेच येतंय.

बुधवार, १९ मार्च
सकाळी हे बूट घालत होते. वही पुढे धरली. म्हटलं, डॉक्टरांनी त्या दिवशी तुम्हाला काय सांगितलं होतं?
"कमी करायची म्हणाले. पाव."
मग दहाव्या दिवशी दुसरी पट्टी आणायला सांगितली, तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?
एका बुटाची नाडी बांधली. दुसऱ्याची बांधली. मग म्हणाले, "तिचे फार हाल चालले होते गं."
मी विचारलं ते हे नव्हतं. तसं त्यांना सांगितलं. पट्टी आणताना तुम्हाला कळलं होतं की नव्हतं? रविवारी माझा पेपर आहे, त्याआधी शनिवारी दिवे लागायच्या आत, माझ्या तोंडाकडे बघून सांगायचं. हो किंवा नाही.