क्लच काढलेली अ‍ॅम्बॅसिडर

उस्ताद, तुमची अ‍ॅम्बॅसिडर आज चालली. दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, आज पेडगावपर्यंत गेली आणि परत आली. आणि चालवत कोण होतं? मी! खूश व्हाल, पण पुढचं ऐकलं की पान्याला हात घालाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. तिचा क्लच मी काढलाय. आता तिच्यात आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स आहे.

थांबा, चिडू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या पायावरून वारं गेलं. काठी घेऊन चालतो, गॅरेजही बघतो, पण क्लच दाबायची ताकद त्या पायात परत आली नाही. जाताना तुम्ही किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला होतात, "उभी ठिवू नको रे हिला. मशीन उभं ऱ्हायलं की मेलं." आणि मी नेमकी तीच उभी ठेवली. मग परभणीच्या भंगारात एक ठोकलेली गाडी दिसली, तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शाबूत. बघताच अंगात आलं माझ्या! लेथवाल्याकडून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायची जाड प्लेट करून घेतली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा अशी बसली की बास. पण हा गिअरबॉक्स अंगानं लय जाड, त्याच्यासाठी पायाखालचा पत्रा कापायचा होता. आठ दिवस मी कापलाच नाही. बायकोला म्हटलं, कटिंगचा गॅस संपलाय. गॅस होता, उस्ताद. मला तुम्ही दिसत होतात. मी नवशिका, क्लचवर पाय ठेवून रुबाबात बसलोय आणि तुम्ही खिडकीतून ओरडताय, "पाय काढ! क्लच म्हंजी काय पायपुसणं हाय व्हय? नडगी फोडीन!" शेवटी बायकोच म्हणाली, "कापा आता. उस्तादांनी शिव्या दिल्या तर मी ऐकून घेते." दोन महिने गाडीखाली टॉर्च धरून तीच बसली होती.

आज सकाळी नारळ फोडला, स्टार्टर मारला, तर बॅटरी बसलेली. मग आपण काय करतो? टपरीवर चहा पीत बसलेल्या चार हमालांना हाक मारली, "लावा रे धक्का!" आडतीपर्यंत ढकलली, गिअर टाकला, काही नाही. परत ढकलली, परत काही नाही. ते धापा टाकायलेत आणि मी आत बसून ओरडतोय, अजून जोरात! म्हटलं संपलं, दोन महिने पाण्यात गेले, आता जन्मभर दुसऱ्याच्या शेजारी बसून फिरायचं. तेवढ्यात बायको येऊन खिडकीत वाकली. "अहो, ही काय धक्क्यानं चालू व्हती का? इंजिन फिरल्याबिगर ह्या गिअरबॉक्सचं तेल दाब धरत न्हाई. तुमीच न्हाई का सांगितलं मला?" तीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला मी, उस्ताद! हमाल पोट धरून हसले. त्यातला एक म्हणाला, "वयनी, गॅरेज तुमीच चालवा." मीही हसलो, दुसरं काय करणार?

मग शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायरी लावल्या आणि एका झटक्यात चालू! गिअर टाकला, ब्रेकवरचा उजवा पाय उचलला, आणि ती आपली आपण निघाली की हो! रस्त्याला लागलो. पहिला गेला, दुसरा पडला, सीटखाली नुसता हलका हिसका कळतो. डावा पाय निवांत पसरलेला. बायको शेजारी "हळू, हळू" म्हणतेय आणि मी ऐकतोय कुठं? पेडगाव आलं तरी माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघेना.

"वळवा की आता," ती म्हणाली. मी म्हटलं, थोडं अजून पुढं जाऊ. ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुमी तर म्हणत व्हता, लय गाड्या चालवल्या, आता हौस फिटली म्हणून?"

मी गाडी तशीच पुढं घेतली. तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठं पाठवायचं ते मला ठाऊक नाही, कुणी वाचायचं नाही, म्हणून तिला नाही ते तुम्हाला सांगतो. हौस कसली फिटते, उस्ताद. चालवता येत नव्हतं, म्हणून तसं म्हणत होतो.