कार्डाचं दावं

११ जानेवारी, रविवार

पैली आली ती मल्लव्वा. पावन्या माज्या, रिक्षा माज्या दारात, आनि ही शेजारीन माज्याआदी उंबऱ्यात हजर. "अय्यो, एवडा मोट्टा खोका! टीव्ही हाय का जावई?" ऋतू हसून हसून बसली खाली. नात माजी, पुन्यात नोकरीला. गड्ड्याच्या जत्रंला आठ दिस आलीया. संगं शबाना, तिच्या हॉस्टेलातली.

खोक्यात कंपुटरचा नवा पडदा निगाला. लई रुंद. कंपुटर माज्याच घरी असतोय, कॉलेजला हितं ऱ्हायची तवा तिनंच जोडल्याला. हॉस्टेलात तिला एक खाट आनि कापडाला एक खिळा, ठिवनार कुटं? म्हनून तर येती. म्हंजी, माज्यासाठी बी येती. तसं न्हाय.

शेंगाची चटनी कमी पडली. उद्या कुटते.

१२ जानेवारी, सोमवार

पडदा लावला, खेळ लावला. त्यात हिरवं डोंगार आनि मेंढरं चरत्यात. तलवारीचं मला कळत न्हाय, मी मेंढरंच बगते. आमी मेंढरं इकून हितं कुंभारीत घर घेतलं, त्याला किती वरसं झाली, पर कळप दिसला की हात काठीला जातोच.

मोट्या पडद्यावर चित्र अडखळाय लागलं, म्हातारा जिना चडल्यागत. ऋतूनं कायतर कमी केलं. मग पळालं, पर समदं धुरकाट. मेंढरं म्हंजी कापसाचं बोळं. मी म्हनलं, "तोंडं दिसंनात गं."

"आजी, पडदा मोठा झाला, ठिपके जवळजवळ दुप्पट झाले. जुनं कार्ड दमतंय."

कार्ड म्हंजी कंपुटरच्या पोटातलं चित्र काडनारं यंत्र. पंखं लावल्याली वीट बगा.

जेवताना म्हनली, "तीस हजारात चांगलं कार्ड मिळालं तर ठीक. नाहीतर हे सगळं विकते आणि पुण्यात हप्त्यावर लॅपटॉप घेते."

लॅपटॉप पिशवीत बसतोय की. मग हितं यायला काय

१३ जानेवारी, मंगळवार

दोगींचं भांडान. शबाना म्हनती नवं घे, गॅरंटी हाय. ऋतू म्हनती त्या पैशात नव्याला मेमरी आटच, ह्या पडद्याला पुरायची न्हाय. वापरल्यालं घेतलं तर बारा मिळती. मी इचारलं, मेमरी कशाला लागती? तर लांबचं बारीक चित्र धरून ठिवाय जागा. म्हंजी मेंढरांची तोंडं बारात. मी ऋतूकडनं झाले.

शबाना चिडली. "दादी, वापरलेलं म्हणजे कुणीतरी रात्रंदिवस पळवलेलं असतं!"

मी म्हनलं, पाट, म्हंजी अजून न व्याल्याली शेळी घ्यावी का दुभती, तसंच की हे. पाट कवळी दिसती, पर दूद कवा दील कुनाला ठावं. दुभती घ्यावी. धनी का इकतोय ते इचारावं, आनि चार पावलं चालवून बगावी. मग शबाना म्हनली, "हे कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं." लई बरं वाटलं. बरं म्हंजी, किती दिसांनी माजं कुनीतर ऐकून घेतलं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ. गड्ड्यावर गेलो. पाळन्यात बसून बी ऋतू मोबाईलमंदी कार्डंच बगतीया. एक घावलं. चिंचोळी एमआयडीसीत कामाला असल्याला पोरगा, महेश. रेल्वेत नोकरी लागली, कुर्डुवाडीला चाललाय म्हनून इकतोय. कारन पटलं मला.

१५ जानेवारी, गुरुवार

तिगी बी गेलो. म्हेशची खोली एवडीशी, पर कार्ड फडक्यात गुंडाळल्यालं. मी हातात घिऊन वास घेतला. जळका न्हाय. पंखं फुंकून फिरवलं. "आता चालीव." त्यानं त्याच्या कंपुटरवर ऋतूचाच खेळ लावला, अर्दा तास. पंखं कुरकुरलं न्हाईत. लांब टेकाडावर मेंढरं, एकेकीचं कान निराळं! एक तर आमच्या काळतोंडीगत. मी तिला यू यू केलं तर समदी हसली.

म्हेश म्हनला, "आजी, मी पैला पगार घातलाय ह्याच्यात. जपा." डोळं भरल्यालं त्येचं. ऋतूनं पैसं दिलं. त्या दोगी खोका गाडीला बांदाय गेल्या. म्हेशनं मागनं एक आखूड काळी वायर माज्या हातात दिली. मी ती त्येच्याच हातात परत ठिवली. जनावर इकलं तरी दावं धन्याकडंच ऱ्हातं, आमच्यात रीतच हाय. दावं दिलं तर घरची बरकत बी मागनं जाती. पोरगं नव्या नोकरीला चाललंय, रिकाम्या हातानं कसं धाडायचं? तो हसला, कपाळाला लावून खिशात घातली.

१६ जानेवारी, शुक्रवार

कार्ड बसलं. पडदा काळा.

ऋतू म्हनली, "ह्याला करंट देणारी जोडवायर असते. महेशनं दिलीच नाही?"

मी सांगितलं.

शबाना फरशीवर लोळून हसली. ऋतू न्हाय हसली. म्हेशला फोन केला, तर तो सकाळीच कुर्डुवाडीला गेल्याला, वायर त्येच्या बॅगत. "आजी म्हणल्या म्हणून ठेवली, मला वाटलं तुमच्याकडं दुसरी असंल." हितल्या दुकानात मागवाय आटवडा.

१८ जानेवारी, रविवार

गेल्या. रिक्षात बसताना ऋतू कानात म्हनली, "आजी, मुद्दाम केलंस ना?" न्हाय गं बाई. तुजा कंपुटर हितं ऱ्हावा म्हनून तर एवडी धडपड. त्योच मी मुका करून बसले.

घरात आलं की पडद्यात माजंच तोंड दिसतंय.

२ फेब्रुवारी, सोमवार

म्हेश सुट्टीला आल्ता. घरी जायच्या आदी हितं आला, वायर माज्या हातात दिली. मी घिईना तर म्हनला, "आजी, एक गाठ मारून ठिवली हाय माज्याकडं दुसऱ्या वायरला. बरकत हाय तितंच. घ्या." चा पाजला. नोकरी बरी चाललीया म्हनला.

मल्लव्वा म्हनती, "माजा भाचा लावतोय की, आत्ता कळंल." मी न्हाय म्हनलं. भाच्यानं लावलं आनि चाललं, तर ऋतू फोनवरच म्हनंल, बरं झालं आजी. मग तिला यायचं कारन काय? आनि न्हाय चाललं तर

सांजच्याला फोन केला. म्हनलं, दावं आलं. ऋतू हसली, लई दिसांनी मोकळी. लॅपटॉपचं इचारलं, तर म्हनली, "बघून ठेवलाय. अजून हो म्हटलं नाही." अजून.

शबाना मागनं वरडत व्हती, तिकिटं बग, तिकिटं बग.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी येतो म्हनल्या. शनवार. चौदा फेब्रुवारी, सकाळच्या गाडीनं, दोगी बी.