वावरातला फोकस

जठारपेठ, अकोला
मंगळवार, दुपार

प्रिय शिवम,

जागा पक्की झाली का, हे तू फोनवर तीनदा विचारलंस, आणि तिन्ही वेळा मी गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. चष्म्याच्या दुकानात भर दुपारी कोण येते? फोनवर हे सांगणं होत नाही, म्हणून लिहून राहिलो. पहिला कागद फाडला, हा दुसरा. जागेचंच सांगायचं आहे, पण ते वाचून तू पुन्हा माझं तोंड पाहशील की नाही, याची धास्ती आहे. आठवीपासूनचा दोस्त आहेस. दुसरा असा माझ्याजवळ नाही.

आधी सोपं सांगतो. तुझे पुण्याचे आठ जण येणार, येत्या अमावास्येच्या एका रात्रीत शंभरावर तेजोमेघ नि तारकागुच्छ पाहणार, म्हणजे संध्याकाळी पश्चिम मोकळी पाहिजे आणि पहाटे पूर्व. दोन महिने मोटरसायकलवर भटकलो. काटेपूर्णेकडे एका नव्या ढाब्यानं अशी लायटिंग केली आहे की अर्धं आभाळ पिवळं. चिखलदऱ्याला आपण जिथं चादर टाकून झोपलो होतो, तिथं हॉटेल. रिद्धपूरच्या पुढे एक ओसाड बरड सापडलं, खूश झालो, आठ दिवसांनी गेलो तर तिथं टॉवर उभा करून राहिले होते. तुझी प्रणाली वहिनी म्हणते, लोक प्लॉट घेताना लाइट आहे का विचारतात, तुम्ही एकटेच अंधार आहे का विचारता. शेवटी मुकाट्यानं चांदूर बाजारची वाट धरली, तुमच्या वावराची. खरं म्हणजे पहिल्या दिवशीच तिथं जायला पाहिजे होतं. काकांना भेटलो की ते माझा पोरगा कधी येते असं विचारतात, म्हणून टाळत होतो.

आपली पहिली दुर्बीण त्याच वावरातली ना? माझ्या बाबांच्या दुकानातलं भिंग नि तुमच्या विहिरीच्या मोटरीचा उरलेला पाइप. देवयानी दीर्घिकेचा तो धुरकट ठिपका दिसला तर तू म्हणालास, भिंगावर कुलदीपचं बोट लागलं आहे. मग काका आले, गुडघे टेकून पाच मिनिटं डोळा लावून बसले. शेवटी उठून म्हणाले, मले तं काई दिसलं नाई, पण तुमी म्हनता तं असन. आपण किती हसलो होतो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

वावर अजूनही तसंच आहे, दोन्ही बाजू मोकळ्या. अडचण एकच होती. विहिरीजवळच्या खांबावर काकांनी रानडुकरं हाकलायला मोठ्या दिव्याचा फोकस लावला होता. हरबरा घाट्यावर आला की डुकरं एका रात्रीत एकर लोळवतात, हे तुला काय सांगू. पण माझ्या डोक्यात त्या वेळी फक्त तुमचा कार्यक्रम. मी काकांना म्हणालो, हा फोकस चालू राहिला तर शिवम जागा नापास करेल, सगळे तिकडे भंडारदऱ्याला जातील. असंच म्हणालो, याच शब्दांत. गेल्या अमावास्येला मी तयारी पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन बटण बंद केलं. वरून मी शहाणपणा शिकवला, की काका, बॅटरीही लावू नका, उजेड डोळ्यात गेला की पुन्हा अंधाराला सरावायला अर्धा तास लागते.

अकराच्या सुमारास धुऱ्याकडे, वावराच्या बांधावर, सळसळ झाली. मी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. इतका गडद काळोख मला वर्षानुवर्षं मिळाला नव्हता, लेकरासारखा नाचून राहिलो होतो मनात. काका काठी घेऊन माझ्या शेजारून गेले. दुसऱ्या हातात बॅटरी होती, शिवम. लावली नाही. नव्या पाइपलाइनसाठी खोदलेली नाली वाटेच्या मधात होती, दुपारी मीच ती दोनदा ओलांडली होती. एकदम धप्पकन आवाज आला आणि मग काहीच नाही, हाकही नाही. माझं पाहणं मोडेल म्हणून हा माणूस पडल्यावरही ओरडला नसेल, असं मला रोज वाटते. खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीला ऑपरेशन झालं, आता घरी पलंगावर आहेत. बाबा व्हिडिओ कॉलवर काहून येत नाहीत, असं तू विचारलं होतंस. रेंजचा काही प्रॉब्लेम नाही. तुला सांगू नये म्हणून त्यांनी मला नि तुझ्या आईला शपथ घातली आहे.

काल गेलो होतो. माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, जागा पास झाली काय? मी म्हणालो, काका, आता तरी शिवमला सांगू द्या. तर नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, पायासाठी आला तं दोन दिवसात निंगून जाईन, ताऱ्यायसाठी आला तं चार दिवस राहीन. तीन वर्षं झाली रे तुला येऊन. मी कालपासून एका जागी बसू शकलो नाही. शपथ मोडून राहिलो, आणि मला शिव्या द्यायच्या त्या तू दे, मी ऐकून घेईन. हे लिहून झालं की लगेच फोटो काढून पाठवतो, पोस्टाच्या भरवशावर नाही ठेवत. जागा रद्द आहे, तुझ्या आठ जणांना कळव. अमावास्येची वाट पाहू नको. परवा होळीची पौर्णिमा आहे, रात्रभर चंद्र, त्या उजेडात आपल्या कामाचं आभाळात काहीच दिसणार नाही. परवाच ये, काकांजवळ बसायला.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझाच,
कुलदीप