पाटाला पाणी लागत नाही

प्रिय दादा,

शिमग्यात तू गेलास तेव्हा रडून झालं होतं. आज तुझ्याशी भांडायला लिहितेय.

आईच्या माहेरून आलेला आपला गणपतीचा पाट आठवतो ना? लाल लाखेचा, कडेने पिवळी फुलं. दरवर्षी विसर्जनाला मूर्तीसोबत समुद्रात बुडायचा, वाळू घेऊन परत यायचा, तू तो लगेच माळ्यावर ठेवायचास आणि दसऱ्याला बघावं तर नव्यासारखा लखलखीत! माझ्या माहेरच्या लाखेला पाणी लागत नाही, असं आई साऱ्या आळीला सांगायची.

यंदा तू नव्हतास म्हणून आमच्या ह्यांनी पाट नेला. परत आणला आणि बघता बघता तो पांढराफटक पडला. आई मटकन खालीच बसली. लेक गेला तसा देवही घरातून उठला, म्हणाली. पुढच्या वर्षापासून गणपती आणायचा नाही, असं ठरवूनच टाकलं तिने. धड जेवेना.

आज दुपारी मखर ठेवायला माळ्यावर चढले. मागे एक जुना डबा. त्यात लाख विरघळवायच्या स्पिरिटची बाटली, लाखेचे पापुद्रे आणि तुझ्या शर्टाच्या चिंधीत बांधलेला कापसाचा बोळा, लालेलाल झालेला. म्हणजे पाट दरवर्षी पांढरा पडत होता? आणि तू गुपचूप तो पूर्ववत करत होतास? एका शब्दाने सांगायचंस तरी!

पाट पडवीत घेतला. बोळा स्पिरिटने जेमतेम ओला केला, हलकेच फिरवला. पांढुरकेपणा विरला, लाल वर आलं. एका जागी जोर जास्त झाला आणि फुलाची पाकळी गेली. तेवढं माफ कर.

वास आत गेला असावा. आई बाहेर आली. पाटाकडे बघितलंही नाही तिने, माझा हात धरून हुंगला.

"अगो, गणपती झाले की हाच वास यायचा त्याच्या हाताला. मी त्याला प्यायलेला समजत होत्ये."

दादा! दर भाद्रपदात आई तुझ्याशी अबोला धरायची, तो ह्यासाठी? देवासमोर उभं करून दारू सोडायची शपथ घ्यायला लावली तिने तुला, आणि तू घेतलीस? थेंबालाही न शिवलेला तू! तिच्या माहेरची फुशारकी खोटी पडू नये म्हणून एवढं? असा कसा रे तू? राग येतोय तुझा, आणि तो काढायला तूच नाहीस.

आई मघापासून पाट मांडीवर घेऊन बसलीय.

पुढच्या वर्षी गणपती ह्याच पाटावर येतील, हा माझा शब्द. विसर्जनानंतर पाट ओटीवर पुसायला घेऊ, चार माणसांत, दिवसाउजेडी. लाखेला पाणी लागतं आणि माझा लेक कधी प्यायला नाही, हे दोन्ही आई स्वतः आळीला सांगणार आहे. तिचा आवाज फुटला नाही, तर मी सांगेन.

तुझी,
सुमी