कोरी जर्सी

१ सप्टेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा. दादा स्टेशनवर घ्यायला आला होता, टीमचा ट्रॅकसूट घालून. रस्त्यात दोघांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. मी बाजूला बॅग धरून उभा. तिसऱ्याने फोन माझ्याच हातात दिला, काढ म्हणाला. काढला. त्यात दादाचं डोकं कापलं गेलं, पण मी सांगितलं नाही.

दादा म्हणजे माझ्या मामाचा मुलगा, इथल्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. त्याच्या शब्दावर मला नोकरी मिळाली. टीमचे कपडे धुवायचे, वाळवायचे, जर्सीवर नंबर छापायचे. खोली स्टँडच्या खाली आहे. अर्ध्या भागात मशीनं, अर्ध्यात माझी कॉट. भिंत कायम गरम असते, त्यामुळे पांघरूण लागत नाही. खिडकी नाही, पण साबणाचा वास चांगला आहे. दादा म्हणाला, संध्याकाळी मोबाइलवर बोटं घासत बसू नकोस, दोन ओळी लिहीत जा, नाहीतर होती ती अक्षरंही विसरशील. म्हणून हे.

आईला फोन केला. तिने पहिलं विचारलं, दादा बारीक झालाय का. माझं नंतर.

४ सप्टेंबर, गुरुवार

काम जमतंय. माझ्या आधीचा म्हातारा जाता जाता सगळं दाखवून गेला. गवताचा डाग गार पाण्यात, रक्ताचाही गार पाण्यात. गरम लावलंस की जन्माचा बसला. नंबर छापायचं मशीन म्हणजे मोठी इस्त्रीच, वरचं झाकण दाबून धरायचं. दर मॅचला थोड्या कोऱ्या जर्सी तयार ठेवायच्या, पाठीवर नंबर नसलेल्या. कारण खेळताना कोणाच्या कपड्यावर रक्त आलं तर रेफरी त्याला बाहेर काढतो आणि जर्सी बदलल्याशिवाय आत घेत नाही. तेव्हा मी खोलीत पळत यायचं, कोरीवर त्याचा नंबर मारायचा आणि नेऊन द्यायची. मी विचारलं, आधीच छापून का ठेवत नाही. म्हातारा म्हणाला, अरे शहाण्या, रक्त कोणाचं येणार हे आधी कोणाला ठाऊक असतं का.

मॅनेजर भले गृहस्थ वाटले. मी आणि दादा त्यांना आपापसात मास्तर म्हणतो, कारण ड्रेसिंग रूममध्ये काळा फळा आहे आणि त्यांच्या बोटांना कायम खडू. कोण कुठे पळायचं ते बाण काढून समजावतात. आवाज चढत नाही. मला त्यांनी आईच्या गुडघ्याचं विचारलं. दादाने कधीतरी सांगितलं असेल, ते लक्षात ठेवलं. अशा माणसासाठी घासायला काही वाटत नाही.

नऊ नंबरचा स्ट्रायकर ओळखीचा झाला. मान लांब म्हणून सगळे त्याला जिराफ म्हणतात. मोजे उलटे करून टाकतो. मी म्हटलं, सुलटे टाकत जा. तो म्हणाला, मग तुला पगार कशाचा.

१४ सप्टेंबर, रविवार

दोन मॅच झाल्या, दोन्ही हरलो. पहिलीनंतर मास्तर म्हणाले, होतं असं. कालच्या नंतर आत आलेच नाहीत. सगळे गेल्यावर रिकाम्या स्टँडमध्ये एकटेच बसले होते. मी टॉवेल गोळा करत वर गेलो तर नखांच्या कडेची कातडी दातांनी सोलत होते. एका बोटाला रक्त आलेलं. मी पट्टी आणू का विचारलं. त्यांनी ते बोट माझ्या बाहीला पुसलं, सहज, टॉवेलला पुसावं तसं. आणि म्हणाले, धुऊन टाक.

धुतलं. गार पाण्यात.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तिसरीही गेली. काल मालक लोक आले होते, सुटातले. दार बंद करून बोलले, पण कप्तानाला कळलंच. शनिवारी हरलो तर मास्तरांची सुट्टी. आणि नवा मॅनेजर आला की आपली माणसं आणतो, म्हणजे आपल्यातले अर्धे घरी. दादा बत्तीस वर्षांचा आहे. म्हणाला, मला आता दुसरीकडे कुत्रं विचारणार नाही. मामाच्या घराला अजून छप्पर घालायचंय.

मास्तर जेवत नाहीत. सरावात एकाने पास चुकवला तर त्याला उलटी होईपर्यंत पळवलं, आणि स्वतः त्याच्याशेजारी पळाले, त्याच्या कानात हळू काहीतरी बोलत. काय बोलत होते ते तो सांगत नाही. फक्त तेव्हापासून कोणाशीच बोलत नाही.

फळ्यावर आता बाण नाहीत. नुसते नंबर लिहितात, पुसतात, परत लिहितात.

२७ सप्टेंबर, शनिवार

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

सकाळी मास्तर खोलीत आले. दाढी केलेली, अंगाला सुवास. म्हणाले, एका कोरीवर चार नंबर छाप. मी हसलो. म्हटलं, मॅच तर दुपारी आहे, रक्त आलंय कुठे अजून. तेही हसले. छाप, म्हणाले.

हाफटाइमला आपण दोन गोलांनी मागे. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन ड्रेसिंग रूमच्या दाराशी गेलो तर आतून कडी. मला वाटलं, रागावताहेत. पण आतून मास्तरांचा आवाज शांत येत होता. डावीकडून असं जायचं, मध्ये जागा सोडायची नाही. खडू फळ्यावर टकटक वाजत होता. आणि त्याच्या खाली दुसरा आवाज. ओल्या कपड्याचा पिळा दगडावर आपटावा तसा. परत. परत. कोणी ओरडत नव्हतं.

दार उघडलं. चार नंबर नव्या जर्सीत उभा. नाक एका बाजूला गेलेलं, ओठ फाटलेला. जुनी जर्सी खाली पडलेली, मी उचलली तर टपटप गळत होती. बाकीचे बुटांच्या नाड्या बांधत होते. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. दादाने पण नाही.

आपण तीन गोल मारले. जिंकलो. मास्तरांनी चार नंबरला मिठी मारली, त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आणि तो हसला. खरंच हसला, पुढचा दात नाही, आणि हसतोय.

५ ऑक्टोबर, रविवार

काल सात नंबर छापायला सांगितला. बरोबरीत होतो, जिंकलो.

दादाला खोलीत कोंडून विचारलं. आधी उडवून लावत होता. मग सांगितलं. हाफटाइमला मास्तर बॅगेतून छापलेली जर्सी काढतात, वर धरतात. ज्याचा नंबर, तो मध्ये उभा राहतो. बाकीच्या सगळ्यांनी मारायचं. जो मारणार नाही त्याचा नंबर पुढच्या वेळी. मास्तर स्वतः हात लावत नाहीत, पाठ करून फळ्याशी दुसऱ्या हाफचं समजावत असतात, आणि ते ऐकायचं पण असतं, नंतर विचारतात. दादा म्हणाला, भीती गेल्यावर पाय हलके होतात. कसं सांगू, म्हणाला, आपण नाही हे कळल्यावर माणूस वाऱ्यासारखा पळतो.

मी विचारलं, तू मारलंस?

तो म्हणाला, मी हातमोजे घालून मारतो, फार लागत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आता सगळे माझ्या खोलीत येतात. मोजे सुलटे करून देतात. कोणी चॉकलेट आणतं, कोणी कॉटवर बसून घरची चौकशी करतं. मग जाता जाता दाराशी रेंगाळतात. काय साहेब, उद्या कोणाचं लग्न. त्या जर्सीला लग्नाची जर्सी म्हणायला लागलेत. मी सांगतो, मला सकाळशिवाय कळत नाही. जिराफ म्हणाला, माझं लावू नकोस रे, माझी मान आधीच लांब आहे, मारायला सोपी. सगळे खूप हसले. तोच सगळ्यात जास्त.

चार नंबर पण येतो. त्याला आता नीट ऐकू येत नाही. तो मला म्हणाला, उद्या मी पहिला मारणार.

११ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

मास्तर येऊन गेले. म्हणाले, पिवळ्यावर एक छाप.

पिवळी जर्सी एकच माणूस घालतो. गोलकीपर.

मशीन तापलंय. मी कितीतरी वेळ झाकण उघडं धरून उभा आहे. आईने पहिलं दादाचंच विचारलं होतं.

पिवळी कोरीच ठेवली. बाकीच्यांच्या तांबड्यावर दुसरा नंबर मारून मास्तरांच्या बॅगेत वर घडी घालून ठेवली. कोणता मारू याचा फार विचार केला नाही. ट्रेमध्ये वरचाच आकडा उचलला.

नऊ.

११ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ

मी दाराच्या फटीतून पाहिलं. मास्तरांनी जर्सी वर काढली. तांबडी. एक क्षण थांबले. फटीकडे बघितलं, थेट माझ्याकडे, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसले. म्हणाले, नऊ.

जिराफ म्हणाला, अरे देवा, मान. कोणी हसलं नाही.

पहिला चार नंबर. बुटाने. मग सगळे. जिराफ खाली पडल्यावरही. डोळ्यावर एक खिळेवाला बूट आला आणि त्यानंतर तो हलला नाही, तरी ज्यांची पाळी राहिली होती त्यांनी पाळी घेतली. मास्तर फळ्याशी बोलत होते. कोपऱ्यावरून बॉल आला की कोण कुठे उभं राहायचं.

दादा सगळ्यात शेवटी. हातमोजे घालून.

जिराफला स्ट्रेचरवर नेलं. डॉक्टरांना सांगितलं, हवेतल्या बॉलला दोघांची डोकी आपटली. सगळ्यांनी एकच सांगितलं.

पाच गोल मारले. लोक नाचत होते, वर स्टँड हलत होता, माझ्या भिंतीतून माती पडली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

जिराफ गेला.

त्याची आई आली होती. सामान मागायला. त्याचे मोजे मी तिला—

तिने माझे हात धरले. म्हणाली, तू त्याचे कपडे धुवायचास ना.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मास्तर कॉटवर माझ्याशेजारी बसले. खांद्यावर हात. म्हणाले, तुझा नंबर माझ्यापेक्षा चांगला निघाला. पाच गोल. माझी नजर गेलीय, तुझी ताजी आहे. आता तू निवडत जा.

मी म्हटलं, मला जायचंय. ते म्हणाले, जा की. कागद ऑफिसात आहेत, शनिवारनंतर घे.

गेटवरच्या रखवालदाराने बाहेर सोडलं नाही. हसला. तो पण म्हणाला, काय साहेब, या वेळी कोण.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दादा येत नाही. मेसमध्ये समोर बसला, मान वर केली नाही. मी म्हटलं, चल, दोघं पळू. तो म्हणाला, अजून एक मॅच जिंकलो तर माझा करार वाढतोय. मग उठला, ताट तसंच.

मी त्याला पिवळीचं सांगितलं नाही. कशाला सांगू. जिवंत आहे, बस.

कोणी आता चॉकलेट आणत नाही. नुसते दारात येऊन उभे राहतात. बघतात.

१८ ऑक्टोबर, शनिवार

एकही नंबर छापला नाही. मशीनची वायर कापली. बॅगेत सगळ्या कोऱ्या. नंबरच नाही तर कोणाला मारतील. संपलं. संपवलं मी.

आतून कडी लावून बसलोय. वर मॅच चालू.

समोरच्यांनी गोल केला. ओरडण्यावरून कळतं.

अजून एक. वर पाय आपटताहेत.

शिट्टी. हाफटाइम.

शांत आहे. फार—

बुटांचे खिळे. बोळातून येताहेत. सगळे.

दार वाजतंय. दादा. घरच्या नावाने हाक मारतोय, लहानपणी मारायचा तशी.

म्हणतो, कोरी निघाली. मास्तरांनी उलटीसुलटी करून दाखवली. विचारलं, आपल्यात नंबर नसलेला कोण.

मी म्हटलं, दादा, मी कोणालाच निवडलं नव्हतं.

म्हणतो, निवडलंस.

कडी हलतेय. वरचा स्क्रू निघाला. दाराच्या पलीकडे खडू टकटक— मास्तर भिंतीवर काहीतरी काढताहेत, दुसऱ्या हाफचं, आवाज किती शांत—

मी ओरडून सांगितलं. दादा, पिवळी होती. तुझी होती ती. मी तुला वाचवलं रे

दादा म्हणतो, ठाऊक आहे. मास्तरांनी त्याच दिवशी सांगितलं. सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणतो, म्हणूनच तर आज पहिला मी—